नाल्याच्या अलीकडची पांढरी

होळी झाली की वऱ्हाडातली जमीन हळूहळू उघडी पडायला लागते. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रचल्या जातात, तुरीची खळी उरकतात, हरभरा घरी येतो आणि मग वावरात नांगर उतरतो. आता बैल थोडे, ट्रॅक्टर फार. पण मातीला त्याचं काही नाही. फाळाखालून निघालेलं ढेकूळ पहिल्या दिवशी काळंभोर असतं, हातात धरलं तर थंड लागतं. मग उन्हानं ते राखाडी होतं आणि पुढं दगडासारखं. या दिवसांत ज्यांना जमतं ते चिखलदऱ्याला पळतात. उरलेले आम्ही कूलरमध्ये पाणी भरतो, खिडक्यांना ओले पडदे लावतो आणि दुपारी एकमेकांशी कमी बोलतो.

मला मात्र या दिवसांत अमरावतीहून अकोल्याला जाताना एसटीची खिडकी लागते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात इकडचं शिवार सगळं सारखंच दिसतं, नजर जाईल तिथवर पीक. वैशाखात ते पांघरूण निघतं आणि जमीन जशी आहे तशी दिसते. कुठं खोलगट, कुठं उंच, कुठं एखादी मोडलेली गाडवाट अजून अंगावर वळ उठावा तशी. आणि काळ्या नांगरटीत मधेच एखादा फिकट, राखेच्या रंगाचा पट्टा. परवा बडनेऱ्याच्या पुढं असा एक पट्टा दिसला आणि मी शेजारच्या अनोळखी बाईंना सहज म्हणाले, "तिथं कधीतरी गाव असेल." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पट्ट्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कोनाचं?"

मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्या एका शब्दावर आणि काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका उन्हाळ्यावर रेंगाळत बसले.

आमच्याकडं शेताच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाच्या जमिनीला पांढरी. माणसं एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली की चुलीची राख, शेण, भिंतींची माती, गोठ्यातला कचरा असं सगळं मुरत जातं आणि जमीन फिकी पडते. माणसं उठून गेली तरी ती रंग सोडत नाही. मी कॉलेजात उभा जन्म भूगोल शिकवला, पण हे मला पुस्तकानं सांगितलं नाही. मोठमायनं सांगितलं.

मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. नाव पंचफुला. वडील नोकरीसाठी अमरावतीला आले आणि थोरले भाऊ गावातच राहिले, म्हणून माझ्या लहानपणीचे सगळे उन्हाळे मोठमायच्या हाताखाली गेले. आमचं गाव दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. खारपाण पट्टा. विहीर खणावी तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात शिजवलेली डाळ शिजता शिजत नसे. मोठमाय चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ करायची आणि डाळीला शिव्या द्यायची. शिव्या देताना ती फार छान दिसायची. तिचा राग कधी माणसांवर नसे; डाळीवर, वाऱ्यावर, ओल्या पऱ्हाटीवर असे.

काही वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात ती ऐंशीच्या घरात होती आणि अकोल्याला मुलाकडं, आमच्या प्रकाशदादाकडं राहत होती. दादा सरकारी नोकरीतून निवृत्त झाला होता. आणि मी, निवृत्तीला थोडे दिवस उरलेली, आमच्या विभागातलं नकाशांचं लोखंडी कपाट आवरत होते.

त्या कपाटात इंग्रजांच्या काळात मोजणी झालेले आमच्या भागाचे जुने नकाशे होते. एक इंच म्हणजे एक मैल, अशा मापाचे. मागं कापड चिकटवलेले, घड्यांवर फाटलेले, पण छपाई अशी की बघत राहावं. तपकिरी रेषांनी उंचसखल दाखवलेलं, पाणी निळं, वस्ती लाल, झाडांना वेगवेगळ्या खुणा. मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांकडून एक काम करून घेत असे: आपल्या गावाचा जुना नकाशा घ्यायचा, आजच्या उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा आणि काय बदललं ते शोधायचं. दोन्हींत सापडतील अशा खुणा आधी जुळवायच्या. आमच्या भागात सगळ्यांत कामाला येते ती बंद पडलेली छोटी रेल्वे. तिचे लहान लहान पूल जुन्या नकाशातही आहेत आणि जमिनीवरही अजून उभे आहेत. ते एकदा जुळले की बाकीचं आपोआप जागेवर येत जातं. मुलांना मजा वाटायची. कुणाला तळं सापडायचं, कुणाला आमराई. हे काम मी स्वतःच्या गावावर मात्र कधी केलं नव्हतं. शिक्षकांचं असंच असतं.

कपाट आवरताना आमच्या भागाचं पान हातात आलं आणि मी तिथंच स्टुलावर बसले. गाव दिसत होतं. मोठ्या लाल चौकोनांचा पुंजका, बाजूला मारुतीच्या देवळाची खूण, इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव. गावाच्या उगवतीला नाला. आणि नाल्याच्या पलीकडं, थोडं लांब, पाच-सहा बारके लाल ठिपके. त्यांच्यापुढं नाव नव्हतं. मला ते विचारायची गरज नव्हती. गावाच्या विहिरीवर जायची मुभा नसलेली, नाल्यापलीकडं राहायला लावलेली ती आमचीच वस्ती. ठिपक्यांच्या शेजारी एक निळं वर्तुळ होतं. आमच्या माणसांनी स्वतः खणलेली विहीर. तो मोजणीवाला, कोण कुठला असेल, फळी आणि दुर्बीण घेऊन अशाच कुठल्यातरी कोरड्या दिवसांत आमच्या वस्तीपर्यंत चालत आला असणार. त्यानं नाव विचारलं नाही, पण विहीर सोडली नाही. त्याच्यावर रागवावं की त्याला धन्यवाद द्यावेत हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती वस्ती मी पाहिलेली नाही. माझ्या जन्माच्या आधी पूर्णेला मोठा पूर आला, नाल्यानं उलटं पाणी घेतलं आणि ती सगळी वस्ती गेली. मग गावाच्या वरच्या अंगाला, उंचवट्यावर नवी घरं बांधली गेली. मी पाहिली ती वस्ती ही दुसरी.

रविवारी मी नकाशाची मोठी छापील प्रत करून अकोल्याला नेली. मोठमायला गंमत दाखवायची, एवढंच मनात होतं.

दादाच्या हॉलमध्ये मी ती फरशीवर पसरली. मोठमाय भिंतीला टेकून बसली होती. चष्मा पुसून ती पुढं सरकली.

"हे काय आणलं वं, निमा?"

"आपलं गाव आहे, मोठमाय. तू लग्न होऊन आली त्याच्याही आधीचं."

"मानसं दिसतेत काय यात?"

"माणसं नाही दिसत. घरं दिसतात, विहिरी, रस्ते, झाडं."

"झाडं?" तिनं कागदावर हात ठेवला. "मंग शिंदीचं बन पाह्य बरं आहे काय."

मी पाहिलं. ठिपक्यांच्या पुढं, नाल्याच्या वळणावर शिंदीच्या झाडांच्या बारीक खुणा होत्या, एकाला एक लागून. मी तिचं बोट धरून त्यावर टेकवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण दिशा तिला माझ्यापेक्षा लवकर कळली. बोट तिनं स्वतःच मागं आणलं. "हे आमची इहीर. हाव न?" निळं वर्तुळ. "हाव," मी म्हटलं. मग ते बोट विहिरीपासून हळूहळू शिंदीच्या बनाकडं निघालं आणि मधेच, जिथं कसलीच खूण नव्हती अशा कोऱ्या कागदावर थांबलं.

"मंग अथीच असन थे," ती म्हणाली.

"कोण, मोठमाय?"

प्रकाशदादा खुर्चीतून उठला. "माय, राहू दे न आता थे."

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "लेकरं पुरत तथी," ती मला म्हणाली. "मोठ्या मानसाले जाळत. लेकराले नाई जाळत. शिंदीच्या अल्याड, इहिरीच्या उगवतीले. मायी सुजाता आहे तथी."

दादाच्या आधी मोठमायला एक मुलगी झाली होती आणि ती गेली, एवढं मला ठाऊक होतं. घरात तो विषय नसे. तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मोठमायनंच मग सांगितलं, काही सलग, काही तुटक. धम्मदीक्षा होऊन थोडीच वर्षं झाली होती. तोवर वस्तीतल्या पोरींची नावं कचरी, धोंडी, नकोशी अशी असायची. मोठमायच्या मुलीला वस्तीनं मिळून नवं नाव दिलं. वाचता येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं ते सुचवलं आणि सगळ्यांनी तोंडात बसावं म्हणून ते दोन-चारदा म्हणून पाहिलं. "आमच्या वस्तीतलं पयलं नवं नाव तिचं," मोठमाय म्हणाली. "लोकं मुद्दाम तिले हाका मारत. काम नसलं तरी मारत." पोर बसायला लागली होती तेवढ्यात ताप आला. त्याच पावसाळ्यात पूर आला. पुरल्या जागी खुणेला मांडलेला दगड गेला, शिंदी गेली, विहीर गाळानं भरली. पाणी ओसरल्यावर मोठमाय गेली तर कुठून कुठं पाहायचं तेच कळेना.

दादा मला गॅलरीत घेऊन गेला. त्याचा आवाज दबलेला होता.

"काहून उकरून राहिली तू हे? तिचं बीपी पाहतेस न?"

"मला माहीत नव्हतं, दादा."

"मले माहीत आहे. मी लहान होतो तवा थे दरसाल उन्हाळ्यात एकदा नाल्यापल्याड जाऊन बसे. मले घेऊन जात नसे. मी नाल्याच्या अल्याड उभा राहून तिची वाट पाहो." तो रस्त्याकडं बघत होता. "मले वाटे, थे तिकडंच राह्यली तं?"

सत्तरीकडं झुकलेला माणूस असं बोलतो तेव्हा ऐकणाऱ्यानं काय करावं? आत आलो तर मोठमाय नकाशावरच आडवी झाली होती. शिंदीच्या बनाजवळ उशाला हात घेऊन.

अमरावतीला परत आल्यावर मी संगणकावर तो नकाशा आजच्या चित्रावर बसवला. रेल्वेचे दोन पूल जुळले. मारुतीचं देऊळ जुळलं. पूर्णेचं मोठं वळण थोडं सरकलेलं, पण तेही ओळखता आलं. नाला मात्र काही केल्या जुळेना. मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग लक्षात आलं की चूक कुणाची नाही, नालाच जागेवर नाही. पुरानं त्याला नवी वाट दिली होती. आधी तो गावाच्या जवळून वाहत होता. पुरानंतर तो वस्तीला वळसा घालून पलीकडून वाहू लागला. जुना नाला हळूहळू भरला आणि लोकांनी तो वहितीखाली आणला. पूर ओसरला तेव्हा वस्तीची माणसं वरच्या अंगाला उठून गेली होती आणि खाली सगळीकडं सारखाच गाळ होता, म्हणून नाला सरकल्याचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. नाव तेच राहिलं, बोलणं तेच राहिलं. वस्ती कुठं होती? नाल्यापल्याड. सगळे तसंच सांगत आले. पण आता वस्तीची जागा नाल्याच्या अलीकडं होती.

म्हणजे मोठमाय इतकी वर्षं चुकीच्या जागी जाऊन बसत होती.

हे कळल्यावर मी संगणक बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. ज्या बाईनं दर उन्हाळ्यात एका जागेवर बसून आपलं दुःख उतरवून ठेवलं, तिला आता म्हणायचं, ती जागा ती नव्हे? दादा म्हणाला होता ते खरंच होतं का, की जुनं उकरू नये? नकाशा खरं बोलतो म्हणून आपण ते लगेच माणसाच्या हातात द्यावं का? मी विद्यार्थ्यांना कधीच शिकवलं नव्हतं की जुनी जागा सापडली की ती कुणाची तरी असते. आणि ती न सांगण्याचा अधिकार मला कुणी दिला, हेही मनात येत होतं. ती अडाणी आहे, म्हातारी आहे, तिला सोसणार नाही, असं तिच्या वतीनं ठरवणारे लोक तिच्या आयुष्यात काही कमी झाले नव्हते.

मी दादाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सांग तूच. पन मी तथी राहीन."

मी सांगितलं. तिच्यासमोर मातीची दोन मडकी ठेवून, एक गाव, एक वस्ती, आणि मधून दुपट्टा फिरवून सांगितलं, आधी नाला इकडून, मग तिकडून. तिनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा दुपट्टा तिनं स्वतः फिरवून पाहिला.

"म्हंजे मी इतके दिवस दुसऱ्याच्याच वावरात जाऊन रडत होती?"

"हो, मोठमाय."

तिला हसू आलं. हसता हसता डोळे भरले, ते तिनं लपवले नाहीत. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जाऊ दे. तथीही कोनाचं ना कोनाचं लेकरू असनच. त्याले भेटली थे." थोडं थांबून तिनं विचारलं, "आता कई जाचं?"

आम्ही सकाळी उन्हाच्या आत निघालो. दादानं गाडी काढली. मोठमायनं पांढरं नेसलं होतं आणि पायांत दादाचे जुने बूट घातले होते, ढेकळं लागू नयेत म्हणून.

ते वावर वसंतभाऊंचं होतं. गावातले जुने शेतकरी, माझ्या वडिलांच्या वयाचे नव्हेत, दादाच्या बरोबरीचे. ते आणि त्यांच्या घरच्या शोभाताई धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून तुरीच्या काड्यांचे भारे बांधत होते. माझ्या हातात नकाशा दिसला तसे वसंतभाऊ उठून उभे राहिले.

"मोजनी आहे काय? रस्ता जाऊन राह्यला काय अथून?"

त्यांचं भय खोटं नव्हतं. आमच्या भागात कागद घेऊन वावरात आलेली माणसं सहसा काहीतरी घेऊनच जातात. आणि ही जमीन तर भरलेल्या नाल्याची, उठलेल्या वस्तीची. नाल्याकाठी एकेकाळी कोण राहत होतं हे त्यांना माहीत असणार आणि आम्ही कोण हेही. मी म्हणाले, "मोजणी नाही, भाऊ." पण ते नकाशावरून नजर काढेनात. दादा काही बोलणार तेवढ्यात मोठमायच पुढं झाली.

"वसंता, तू मले वयखतं काय?"

"वयखतो न, काकू. तुमी आमच्या वरच्या वावरात तन निंदाले येत होत्या."

"हाव. मले तुही जमीन नाई पाह्यजे रे. मायं लेकरू आहे तुह्या वावरात. थे पाहू दे फक्त."

वसंतभाऊंनी शोभाताईंकडं पाहिलं. शोभाताईंनी हातातला भारा खाली ठेवला.

"लहान होतं काय?" त्यांनी विचारलं.

"बसाले लागलं होतं."

"या मंग," शोभाताई म्हणाल्या आणि मोठमायचा हात धरून पुढं निघाल्या. त्यांना जागा माहीत नव्हती, तरी त्या पुढं निघाल्या.

वावर नुकतंच नांगरलेलं होतं. मी फोनवर आमची जागा आणि जुन्या नकाशावरचे ठिपके पाहत पाहत चालत होते. जुन्या नकाशावरची केसाएवढी रेघ जमिनीवर एखाद्या रस्त्याएवढी रुंद होते, त्यामुळं नेमकी जागा नकाशा देऊ शकत नाही, तो फक्त शेजार दाखवतो. पण फार चालावं लागलं नाही. काळ्या ढेकळांत अचानक माती फिकी झाली. वर्तुळही नाही, चौकोनही नाही, नुसता पसरलेला राखेचा रंग. वसंतभाऊंच्या पायाशी खापराचे तुकडे होते, बांगडीचा काचेचा तुकडा होता, जात्याच्या तळीचा अर्धा दगड होता.

"हे पांढरी," मोठमाय म्हणाली आणि खाली बसली. "हे आमची पांढरी आहे."

"दरसाल निघते हे खापरं," वसंतभाऊ म्हणाले. "मायबाप म्हनत का जुनं काई असन. अन् थे तिकडं एक गोल तुकडा आहे, तथी पान्याच्या दिवसात जमीन दबते. बाबानं दोनदा मुरूम टाकला."

आम्ही सगळे तिकडं पाहत राहिलो. विहीर. नकाशावरचं निळं वर्तुळ थोडंसं बाजूला दाखवत होतं, पण विहीर तीच होती. मोठमाय उठली. विहिरीच्या दबलेल्या जागेकडं पाठ करून ती उभी राहिली, सूर्याकडं तोंड केलं आणि चालू लागली. तिच्या मागं कुणी गेलं नाही. बुटांखाली ढेकळं फुटल्याचा आवाज येत होता. एका जागी ती थांबली. ती जागा नेमकी तीच होती असं मी कधीच म्हणू शकणार नाही. तिनं वाकून मातीवर हात ठेवला, लहान लेकराला थोपटतात तसा, आणि काहीतरी बोलली. ते ऐकायला आलं नाही आणि आम्हाला ऐकायचंही नव्हतं.

मग दादा गेला. तो तिच्याजवळ उकिडवा बसला. नाल्याच्या अलीकडं उभं राहून वाट बघणारा तो एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा तिथवर पोचला होता.

"माय," त्यानं विचारलं, "मी तिच्यासारखा दिसो काय?"

"कुठी रे," मोठमाय म्हणाली. "तू मोठा रडका. थे हासरी होती." आणि त्याच्या गुडघ्यावर तिनं मातीचाच हात ठेवला.

ऊन चढलं तसं शोभाताईंनी आम्हाला बाभळीखाली आणलं. त्यांच्या शिदोरीतली भाकर, कांदा आणि जवसाची चटणी आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली. त्यांच्या घरचं खाणं आमच्या ताटात, हे मोठमायच्या तरुणपणी घडलं नसतं. ती ते मनात म्हणाली असेल, तोंडानं म्हणाली नाही. चटणी तिखट आहे एवढंच म्हणाली.

वसंतभाऊ मात्र जेवले नाहीत नीट. पाणी पिऊन त्यांनी घसा साफ केला.

"काकू, मी म्हनतो तेवढा तुकडा पडीत ठेवतो आता. नांगर नाई घालत. लहानसा ओटा बांधून देऊ. तुमाले येऊन बसाले होईन."

मला भरून आलं. काळ्या जमिनीचा तुकडा पडीत ठेवणं म्हणजे काय हे इकडच्या माणसालाच कळेल. दादाचे डोळेही ओले झाले. त्यानं हात जोडले.

मोठमायनं मान हलवली. "नोको, वसंता."

"काहून, काकू?"

"पेर तू. सारं पेर. पडीत ठेवलं तं काटे उगवतीन, साप येतीन, कोनी फिरकनार नाई तिकडं. थे एकटी राह्यली रे आजवर." तिनं वावरावरून नजर फिरवली. "पेरलं तं बाया येतीन. निंदतीन, वेचतीन, जेवाले बसतीन, बोलतीन. लेकराले मानसांचा आवाज लागते."

शोभाताईंनी पदर तोंडाशी नेला.

त्या वर्षी त्यांनी तिथं कपाशी घातली, मधे तुरीच्या ओळी. जुलैत शोभाताईंचा फोन आला, बाया निंदायला लावल्यात, काकूंना आणता का म्हणून. आम्ही गेलो. पाऊस उघडला होता, नाला भरून वाहत होता, आणि रोपं वीतभर वर आली होती. पांढरीवरची कपाशी बाकीच्या वावरापेक्षा गडद हिरवी होती. राखेची जमीन कसदार असते. सहा-सात बाया ओळीनं बसून सरकत होत्या, त्यांत कुणाच्या तरी सुनेवरून हसणं चाललं होतं. एकीला हसताना ठसका लागला. मोठमाय धुऱ्यावर पोतं टाकून बसली होती. बसण्यासाठीच तिला आणलं होतं. थोडा वेळ ती त्यांच्याकडं नुसती बघत राहिली. मग तिला राहवेना. काठी उचलून तिनं मधल्या ओळीकडं दाखवलं आणि ओरडली, "अवं ए, थे लव्हाळ्याची गड्डी कोनाच्या बापासाठी ठेवली तथी? मुयासकट काढ!"